सभ्य घरें आणि काळे चित्रपट

गेल्या दिवाळीनंतर आमच्या वसाहतींतील वाचनमंडळानें दर महिन्याला एक जुना चित्रपट एकत्र बसून पाहावयाचा असें ठरविलें, आणि पहिला चित्रपट सुचविण्याचें काम माझ्याकडे आलें. मीं आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९४३ सालचा 'शॅडो ऑफ अ डाउट' सुचविला. बैठकींत एका वडीलधाऱ्या सभासदांनीं, ज्यांच्या विद्वत्तेबद्दल मला आजही आदर आहे, शांतपणें विचारलें, "खुनाचा चित्रपट बघायला का आपण जमायचं? लेकीसुना येणार, मुलं येणार. काहीतरी चांगलं, सात्त्विक ठेवा." सर्वांनीं माना डोलाविल्या आणि माझी सूचना एकमतानें नामंजूर झाली. एकमतानें म्हणण्याचें कारण असें कीं, त्या वेळीं मीही गप्प बसलों. प्रस्तुत लेख हें त्या गप्प बसण्याचें प्रायश्चित्त आहे.

प्रसंग क्षुल्लक होता हें मला मान्य आहे. परंतु त्या वृद्ध गृहस्थांच्या मुखानें जें मत बोललें गेलें, तें त्यांच्या एकट्याचें नाहीं. आमच्या सुशिक्षित घरांतून तें इतकें रुजलें आहे कीं, तें एक मत आहे याचीही आठवण कोणास उरलेली नाहीं. तें सभ्यपणाचें एक अंगच होऊन बसलें आहे. गुन्ह्याचे, भीतीचे आणि भुताखेतांचे चित्रपट हे हलक्या अभिरुचीचे; ते मनावर वाईट संस्कार करतात; आणि मुख्य म्हणजे, आपल्यासारख्या घरांशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं, असे या मताचे तीन पदर आहेत. हे तिन्ही पदर विरलेले आहेत, आणि तिसरा तर निव्वळ खोटा आहे, असें माझें म्हणणें आहे. किंबहुना मी याच्याही पुढें जाऊन म्हणतों कीं, ज्या चित्रपटांना आपण घराबाहेर ठेवूं पाहतों ते मुळांत घराविषयींच आहेत; आणि म्हणूनच ते आपणांस नकोसे वाटतात.

प्रथम कोणत्या चित्रपटांविषयीं मी बोलत आहें तें स्पष्ट केलें पाहिजे. भयपट या नांवाखालीं आज रक्तामांसाचा जो चिखल पडद्यावर कालविला जातो, त्याची वकिली करण्यासाठीं मीं लेखणी उचललेली नाहीं. माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते साधारणपणें १९३१ ते १९६० या तीस वर्षांतील, बहुतेक सारे कृष्णधवल, असे चित्रपट. दुसऱ्या महायुद्धांत फ्रान्स जर्मनांच्या ताब्यांत असतां तेथें अमेरिकन चित्रपट येत नव्हते. युद्ध संपल्यावर ते एकदम पॅरिसच्या चित्रगृहांत आले, तेव्हां तेथील टीकाकारांस असें दिसलें कीं, मधल्या काळांत अमेरिकेच्या पडद्यावर एक निराळीच छाया पसरली आहे. १९४६ सालीं नीनो फ्रँक या टीकाकारानें 'द माल्टीज फाल्कन', 'डबल इन्डेम्निटी', 'लॉरा' अशा चित्रपटांविषयीं लिहितांना 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, हा शब्द वापरला आणि पुढें तो रूढ झाला. ज्यांनीं ते चित्रपट काढले त्यांना मात्र आपण कांहीं 'काळें' काढीत आहों याची वार्ताही नव्हती. हिचकॉकचे रहस्यपट आणि व्हॅल ल्यूटन यांनीं आर. के. ओ. कंपनीसाठीं काढलेले भयपट हे या काळ्या चित्रपटांचे सख्खे शेजारी. या तिन्ही घराण्यांत रोटीबेटीव्यवहार चालतो. जाक तुर्नर या दिग्दर्शकानें १९४२ सालीं 'कॅट पीपल' हा भयपट काढला आणि १९४७ सालीं 'आउट ऑफ द पास्ट' हा काळा चित्रपट. दोहोंचा छायाचित्रकार एकच, निकोलस म्युसुराका. म्हणून येथें त्या सर्वांचा विचार एकत्र केला आहे.

पहिला आक्षेप अभिरुचीचा. भीति ही हलकी भावना, आणि ती उत्पन्न करणें हें हलक्या कलेचें काम, असें आपण मानतों. या समजुतीचें एक मूळ आपल्याच घरांत सांपडतें. भरतानें नाट्यशास्त्रांत जे आठ रस सांगितले त्यांत भयानकास स्वतंत्र स्थान दिलें, त्याचा वर्ण काळा आणि देवता काळ असें सांगितलें. परंतु भय हें स्त्रिया आणि नीच प्रकृतीचीं माणसें यांच्या ठिकाणीं असतें, असेंही त्यानेंच म्हणून ठेविलें. उत्तम पुरुषानें भ्यावयाचें नसतें! आमचे सुशिक्षित गृहस्थ भरत वाचोत वा न वाचोत, हा नियम मात्र कसोशीनें पाळतात. करुण नाटक पाहून रुमाल ओला झाला तर तो ते अभिमानानें मिरवितील. पण भयपट पाहून आल्यावर रात्रीं जिन्यांतला दिवा लावून ठेवावासा वाटला, असें कोणी कबूल करणार नाहीं. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा ज्या घरांत उशीखालीं दडवून वाचल्या गेल्या, त्याच घरांतील दर्शनी कपाटांत त्यांना कधीं जागा मिळाली नाहीं. वाचणारांना त्या पुस्तकांची लाज वाटत नव्हती. आपल्याला भ्यावयास आवडतें याची लाज वाटत होती.

पण त्याच भरतानें आणखी एक भेद करून ठेविला आहे, आणि त्याचा आजच्या आक्षेपकांस विसर पडला आहे. भयानक निराळा आणि बीभत्स निराळा. एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. पडद्यावर आंतडीं काढून दाखविणें हा बीभत्स. तें पाहून माणूस तोंड फिरवितो. भयानकाची गोष्ट उलट आहे. तेथें दाखविण्यासारखें फारसें कांहीं नसतें, आणि म्हणूनच नजर हलवितां येत नाहीं. 'कॅट पीपल' मध्यें एक तरुणी रात्रीं एकटीच इमारतीच्या तळघरांतील पोहण्याच्या तलावावर येते. उजेड अंधुक, पाण्यावरची झिलई भिंतींवर आणि छतावर हलत असते, कोठून तरी गुरगुर ऐकूं येते आणि भिंतीवरून सांवली सरकल्याचा भास होतो. बस्स, एवढेंच. चित्रपटाला पैसा थोडा होता हें खरें. पण दारिद्र्यांतून निघालेली ही युक्ति श्रीमंतीच्या हजार युक्त्यांहून सरस ठरली, कारण प्रेक्षकाच्या मनांत जें जनावर आहे तें भाड्यानें आणलेल्या कोणत्याही जनावराहून मोठें असतें, हें तुर्नर आणि ल्यूटन यांनीं ओळखिलें होतें.

फ्रिट्झ लांग यांचा १९३१ सालचा जर्मन चित्रपट 'एम' याच्याही पुढें जातो. विषय बालहत्येचा, पण हत्या एकही दिसत नाहीं. मुलगी शाळेंतून येईल म्हणून आईनें ताट मांडून ठेविलें आहे. वेळ टळून जाते. आई जिन्यांत वांकून हांक मारते. रिकामा जिना, कपडे वाळत घातलेला रिकामा माळा, टेबलावरचें रिकामें ताट. मग गवतांतून घरंगळत आलेला एक चेंडू, आणि तारायंत्राच्या तारांत क्षणभर अडकून उडून गेलेला एक फुगा. एवढ्यावरून आपणांस सारें कळतें, आणि जें कळतें तें जन्मभर विसरतां येत नाहीं. हिचकॉकनें १९६० सालीं 'सायको' काढला तेव्हां रंगीत चित्रपटांचा काळ येऊन बरींच वर्षें लोटलीं होतीं. तरी त्यानें तो कृष्णधवलच ठेविला आणि त्या प्रसिद्ध स्नानगृहाच्या प्रसंगीं रक्ताच्या जागीं चॉकलेटचा पाक वापरला. रंगांत तो प्रसंग बीभत्स झाला असता. काळ्यापांढऱ्यांत तो भयानक राहिला. ज्या कलेंत एवढा संयम आहे तिला हलकी म्हणणारानें संयम या शब्दाचा अर्थ पुन्हां एकदां तपासून पाहावा.

दुसरा आक्षेप असा कीं, हे चित्रपट गुन्हे शिकवितात. या आक्षेपाला वयाचा मान दिलाच पाहिजे. आपल्याकडे सिनेमाचा कायदा १९१८ सालीं झाला आणि १९२० सालीं मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथें परीक्षणमंडळें बसलीं. अमेरिकेंत निर्मात्यांच्या संघटनेनें १९३४ पासून एक नीतिसंहिता कडकपणें अंमलांत आणिली आणि ती १९६८ पर्यंत टिकली. प्रेक्षकाची सहानुभूति गुन्ह्याकडे वळतां कामा नये, असा तिचा दंडक होता. म्हणजे आमच्या मंडळाच्या वडीलधाऱ्या सभासदांच्या पाठीशीं शंभर वर्षांची परंपरा उभी आहे. पण त्या परंपरेची दृष्टि किती अधू आहे तें एका उदाहरणानें दिसेल. १९४५ सालीं लांग यांनीं अमेरिकेंत 'स्कार्लेट स्ट्रीट' काढला. त्याचा नायक एक रोखपाल आहे. पंचवीस वर्षें इमानानें नोकरी केल्याबद्दल मालकाकडून त्याला सोन्याचें घड्याळ मिळतें, तेथें कथेला आरंभ होतो. पुढें तो एका तरुण स्त्रीच्या नादीं लागतो, तिजोरींतल्या पैशाला हात लावतो, आणि अखेर तिचा खून करतो. विजेच्या खुर्चीवर मात्र दुसराच माणूस बसतो. न्यूयॉर्क राज्याच्या परीक्षकांनीं १९४६ सालीं या चित्रपटावर बंदी घातली. खरा खुनी कायद्याच्या हातून सुटतो, मग दुसरें काय होणार? पण तो खरोखर सुटतो काय? मेलेलीं तीं दोन माणसें रात्रंदिवस त्याच्या कानांत बोलत राहतात. तो गळफास लावून घेतो तर शेजारी त्याला वांचवितात. तो पोलिसांना कबुली देतो तर ते त्याला वेडा समजून हांकलून देतात. पीनल कोडांत न सांपडणारी ही शिक्षा पाहून ज्याला खून करण्याची उमेद येईल, त्याला सात्त्विक चित्रपट दाखवूनही कांहीं उपयोग होणार नाहीं.

तथापि केवळ शिक्षा दाखवितात म्हणून हे चित्रपट नीतिमान आहेत, असें माझें म्हणणें नाहीं. त्यांची नीति याहून खोल आहे. १९४४ सालीं बिली वाइल्डर यांनीं काढलेला 'डबल इन्डेम्निटी' घ्या. वॉल्टर नेफ हा विमा विकणारा माणूस. हंसतमुख, नीटनेटका, बोलका. असे दहाजण आपल्या ओळखीचे असतात. एका गिऱ्हाइकाच्या बायकोशीं संगनमत करून तो त्या गिऱ्हाइकाला ठार मारतो आणि अपघात भासावा म्हणून प्रेत आगगाडीच्या रुळांवर ठेवतो. दोघें परत येऊन मोटारींत बसतात. ती किल्ली फिरविते. गाडी सुरू होत नाहीं. पुन्हां फिरविते, नाहीं. आतां कोणी तरी येईल, आतां पकडले जाणार! शेवटीं तो हात घालून किल्ली फिरवितो आणि इंजिन लागतें. त्या क्षणीं आपण काय करतों? सुटकेचा निःश्वास टाकतों. सोळा वर्षांनीं 'सायको' मध्यें हिचकॉक तोच खेळ खेळतो. नॉर्मन बेट्स हा तरुण एका स्त्रीच्या प्रेतासह तिची मोटार दलदलींत ढकलतो. गाडी बुडूं लागते, आणि अर्ध्यावर थांबते. तो कांहीं तरी चघळीत इकडेतिकडे पाहतो. जिच्या सुखदुःखांत थोड्याच वेळापूर्वीं आपण रंगलों होतों तिचेंच प्रेत त्या गाडींत आहे, आणि तरी आपल्या मनांत येतें, बुड एकदाची! गाडी बुडते. आपल्याला बरें वाटतें.

त्या बरें वाटण्याविषयीं मला बोलावयाचें आहे. तें कोणास वाटलें? मवाल्याला? गुंडाला? तें शाळेंत शिकविणाऱ्याला वाटलें, बँकेंत काम करणाऱ्याला वाटलें, आरत्या पाठ म्हणणाऱ्याला वाटलें. हे चित्रपट गुन्हा शिकवीत नाहींत. आपण त्याच्या किती जवळ राहतों तें दाखवितात. हें दाखविणें लोकांस रुचत नाहीं. १९६० सालींच इंग्लंडमध्यें मायकेल पॉवेल यांचा 'पीपिंग टॉम' प्रदर्शित झाला. त्यांतील तरुण स्त्रियांना ठार मारतांना त्यांच्या भीतीचें चित्रण आपल्या कॅमेऱ्यानें करतो, आणि तें चित्रण पाहत बसणारे आपण त्याचे भागीदार ठरतों. लंडनच्या टीकाकारांनीं त्या चित्रपटावर अशी आग पाखडली कीं, त्या थोर दिग्दर्शकाची स्वदेशांतील कारकीर्द जवळजवळ संपली. आज तोच चित्रपट श्रेष्ठ मानला जातो. आरशांत आपलें तोंड दिसलें म्हणून आरशावर धोंडा घालण्याची ही रीत तेव्हांही सभ्यपणाचीच होती.

आतां तिसरा आक्षेप: याचा आपल्या घराशीं काय संबंध? येथें मी पुन्हां आमच्या मंडळानें नाकारलेल्या चित्रपटाकडे वळतों. 'शॅडो ऑफ अ डाउट' ची कथा कॅलिफोर्नियांतील सांता रोझा या लहानशा गांवांत घडते. वडील बँकेंत नोकरीला, आई घरकामांत गढलेली, तीन मुलें. या घरीं आईचा धाकटा भाऊ पाहुणा येतो. देखणा, उदार, बोलण्यांत चतुर. सर्वांसाठीं भेटी आणतो. गांवच्या मंडळींत त्याचा मान वाढतो. थोरल्या भाचीला त्यानें दिलेल्या अंगठींत भलत्याच कोणाचीं आद्याक्षरें कोरलेलीं असतात, आणि तेथून तिला हळूहळू कळत जातें कीं, आपला लाडका मामा श्रीमंत विधवांना गांठून मारणारा आहे. याच घरांत रोज वडील आणि शेजारी फावल्या वेळाची करमणूक म्हणून पकडलें न जातां खून कसा करावा याची चर्चा रंगवितात. आणि ज्यानें खरोखर खून केले तो त्याच घरांत आदरानें जेवतो. भाचीला सारें कळूनही बोलतां येत नाहीं. बोललें तर आई मोडून पडेल, घराचें नांव जाईल. शेवटीं मामा मरतो, तेव्हां सारें गांव चर्चमध्यें जमून त्याचे गुण गातें, आणि खरें काय तें जाणणारी भाची बाहेर उभी राहून तें ऐकते. असा हा चित्रपट लेकीसुनांनीं पाहूं नये, असें आमच्या मंडळानें ठरविलें! मी विचारतों, लेकीसुनांनीं नाहीं तर कोणी पाहावा?

यांपैकीं कित्येकांना हें ज्ञान पुस्तकांतून आलेलें नव्हतें. लांग, वाइल्डर, 'एम' मधील खुन्याची भूमिका करणारा पीटर लॉरी, हे सारे १९३३ सालीं नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून गेलेले. वाइल्डर यांची आई नाझींच्या वंशसंहारांत बळी पडली. संगीत, तत्त्वज्ञान आणि विद्यापीठें यांचा ज्या समाजाला सार्थ अभिमान होता, त्या समाजांतील नीटनेटकीं, वक्तशीर, कुटुंबवत्सल माणसें काय करूं शकतात, हें त्यांनीं जवळून पाहिलें. 'एम' वर नाझी राजवटीनें १९३४ सालीं बंदी घातली यांत आश्चर्य नाहीं. दुष्ट माणूस हा दाढी वाढविलेला, डोळे वटारणारा, दुरून ओळखूं येणारा असतो, अशी समजूत कायम राहण्यांत पुष्कळांचें हित असतें.

याच संदर्भांत मला एक घरची गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगावी कीं नाहीं याचा मीं बराच विचार केला. जॉर्ज क्यूकर यांचा १९४४ सालचा 'गॅसलाइट' कित्येकांनीं पाहिला असेल. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ सालच्या नाटकावरून तो घेतला आहे, आणि त्यांतील पत्नीच्या भूमिकेसाठीं इन्ग्रिड बर्गमन यांना ऑस्कर मिळालें. नवरा घरांतल्या वस्तु लपवितो आणि त्या तूंच हरविल्यास असें बायकोला पटवितो. रात्रीं खोलींतील वायूचा दिवा आपोआप मंदावतो. तो तिला दिसतो, पण तिच्या बोलण्यावर विश्वास कोण ठेवणार? आपल्याला वेड लागत आहे असें तिलाच वाटूं लागतें. कांहीं वर्षांपूर्वीं हा चित्रपट मीं आईबरोबर घरीं पाहिला. तो संपल्यावर आई बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "वन्संचं असंच तर झालं नसेल ना रे?"

वन्सं म्हणजे माझी थोरली आत्या. तिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, असें आम्ही मुलांनीं लहानपणापासून ऐकलें होतें. ती माहेरीं आली कीं सांगे, कपाटांतल्या वस्तु जागच्या हलतात. मीं टाकलेलीं पत्रें पोंचत नाहींत. पाटल्या मीं हरविल्या नाहींत. तिचे यजमान मोठे प्रतिष्ठित. शाळेच्या समितीवर, गणेशोत्सवाच्या व्यासपीठावर, सगळीकडे त्यांना मान. तेव्हां सर्वजण आत्यालाच समजावीत कीं, मनाला लावून घेऊं नकोस, जप कर, बरें वाटेल. ती गेली. पुढें तेही गेले, आणि त्यांच्या शोकसभेंत माझ्या वडिलांनीं त्यांच्या सौजन्याविषयीं भाषण केलें. आत्याचें म्हणणें खरें होतें कीं नाहीं, हें आज कोणीच सांगूं शकणार नाहीं. कदाचित् ती खरोखरच आजारी असेल. पण तिचें खरें असूं शकेल, एवढी नुसती शंकासुद्धां आमच्या सुशिक्षित घरांत चाळीस वर्षें कोणाला शिवली नाहीं. आणि ती शिवली तेव्हां एका परक्या देशांतील, परक्या भाषेंतील, काळ्या चित्रपटामुळें शिवली. सात्त्विक चित्रपटांतील मामा नेहमींच प्रेमळ असतो आणि प्रतिष्ठित गृहस्थ नेहमींच सज्जन. त्यांच्या सहवासांत आम्ही आणखी चाळीस वर्षें सुखानें काढलीं असतीं.

हें सारें परकीय आहे, असें म्हणून सुटण्याचीही सोय नाहीं. १९४९ सालीं मुंबईच्या बॉम्बे टॉकीजनें काढलेला कमाल अमरोही यांचा 'महल' ज्या काळोखांत रंगला, तो काळोख टिपणारा छायाचित्रकार योझेफ विर्शिंग हा म्युनिकहून येऊन येथें स्थायिक झालेला जर्मन होता. मराठींत राजा परांजपे यांनीं १९६४ सालीं 'पाठलाग' काढला, आणि त्यावरून दोन वर्षांनीं हिंदींत 'मेरा साया' निघाला. १९७६ सालीं 'हा खेळ सावल्यांचा' आला. हे चित्रपट पाहावयास आमच्याच घरांतील माणसें गेलीं होतीं, आणि तीं बिघडल्याचें ऐकिवांत नाहीं.

आक्षेपकांस एवढें सुनावल्यावर या चित्रपटांच्या भक्तांसही दोन शब्द सुनावणें प्राप्त आहे, कारण यांच्या प्रेमानें झालेलें नुकसान त्यांच्या द्वेषाहून कमी नाहीं. या भक्तांना काळ्या चित्रपटांत दिसते ती तिरकी हॅट, सिगारेटचा धूर, आणि खिडकीच्या पडद्यांतून भिंतीवर पडलेले उजेडाचे पट्टे. त्यांचीं चित्रें ते भिंतीवर टांगतात आणि विमा विकणाऱ्या माणसाला साफ विसरतात. ज्यांना जुनें तें जुनाट वाटतें त्यांची तऱ्हा याच्या उलट: १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत जुन्या चित्रपटांना यंत्रानें रंग फांसण्याचा धंदा निघाला आणि 'द माल्टीज फाल्कन' ही त्यांतून सुटला नाहीं. त्याचे दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनीं तीव्र निषेध केला. त्यांच्या पश्चात् त्यांच्या वारसांनीं 'द अॅस्फाल्ट जंगल' या दुसऱ्या चित्रपटासाठीं फ्रान्समध्यें दावा लढविला आणि १९९१ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. आज रंग फांसण्याची गरजच उरलेली नाहीं, कारण भर उजेडांत, जेवतां जेवतां, हातांतल्या मोबाईलवर दहा दहा मिनिटांचे तुकडे करून 'एम' पाहणारे लोक त्यांतील काळोख आपण होऊनच पुसून टाकतात, आणि वर म्हणतात, यांत भिण्यासारखें काय आहे? 'सायको' सुरू झाल्यावर कोणासही आंत सोडूं नये, असा हिचकॉकचा चित्रगृहांना हुकूम होता. कीर्तनाला बसावें तसें या चित्रपटांना बसावें लागतें: दिवे मालवून, आरंभापासून शेवटपर्यंत, आणि शक्य तर एकट्यानें नव्हे तर घरांतील माणसांसह. शेजारीं बसलेलें माणूस कोणत्या क्षणीं श्वास रोखतें, हेंही पाहण्यासारखें असतें.

या चित्रपटांत दोष नाहींत असें नाहीं. पुरुषाच्या अधःपाताचें खापर एका सुंदर स्त्रीच्या माथीं फोडण्याची खोड त्यांतील पुष्कळांना आहे, आणि ती आपल्या कीर्तनपुराणांतील खोडीहून निराळी नाहीं. काळ्या वर्णाचीं माणसें त्यांत बहुधा हमाल किंवा मोलकरणी म्हणूनच येतात. लहान मुलांस हे चित्रपट दाखवावे असेंही मी म्हणत नाहीं. 'एम' मधील तो फुगा आठ वर्षांच्या मुलासाठीं नाहीं, त्याच्या आईबापांसाठीं आहे. पण दोष दाखविण्यासाठीं तरी ते आधीं पाहिले पाहिजेत, आणि आमच्या मंडळाचें भांडण तर पाहण्याशींच आहे.

पुढील महिन्याच्या बैठकींत मी तीच सूचना पुन्हां मांडणार आहें. त्या वडीलधाऱ्या सभासदांना मीं हा लेख आधींच वाचावयास दिला आहे. तो परत करतांना ते एवढेंच म्हणाले, "तुमच्या आत्याबाईंचं वाईट वाटलं. पण चित्रपट नकोच." त्यांचें मत बदललें नाहीं, आणि इतरांचें बदलेल अशी मला फारशी आशा नाहीं. सूचना बहुधा याही वेळीं नामंजूर होईल. मात्र या वेळीं ती एकमतानें नामंजूर होणार नाहीं.